बिनखर्ची साहित्याचा खर्च

शाळा सुटल्यावर चालणारे विज्ञानवर्ग, बालभवने, वस्तीतील अभ्यासिका यांच्या कार्यकर्त्यांशी बोलताना पहिला प्रश्न हमखास साहित्याचा निघतो. प्रयोग करायचे ते कशाने? पैसे तर नाहीत. या प्रश्नाला आपल्याकडे गेली चार दशके एक ठरलेले उत्तर दिले जाते. पैसे हवेत कशाला, टाकाऊ वस्तूंतून प्रयोग करा! हे उत्तर आम्हीही अनेकदा व्यासपीठावरून दिले आहे आणि त्याला टाळ्याही घेतल्या आहेत. ते उत्तर तपासून पाहण्याची वेळ आमच्यावर कशी आली, हे आधी सांगतो.

संशोधनसंस्थेत काम करणारे आम्ही चौघे एका महापालिका शाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी भरणाऱ्या वर्गाला मदत करतो. वर्गात पाचवी ते सातवीची ३२ मुले आहेत. वर्ग चालवणाऱ्या ताईंना मिळते ते मानधन नावापुरतेच. पहिल्याच महिन्यात आम्ही स्वस्त प्रयोगांच्या पुस्तिका चाळून त्यांना एक यादी करून दिली: फिल्मरोलच्या डब्या, शीतपेयाच्या नळ्या, विजेरीचे बल्ब, सायकलची व्हॉल्व्हट्यूब, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, जुन्या स्पीकरची चुंबके. यादीच्या डोक्यावर 'खर्च: शून्य' असे ठळक लिहिले होते.

पंधरा दिवसांनी ताई म्हणाल्या, "सर, यातलं निम्मं मिळालंच नाही. फोटो स्टुडिओवाले हसले. म्हणाले, ताई, फिल्मरोल बघून किती वर्षं झाली!" त्यांच्या वहीचे मागचे पान चुकून उघडले गेले. तिथे रिक्षाभाडे, भंगारवाल्याला दिलेले पैसे आणि सेलची किंमत मिळून ३४० रुपयांचा हिशोब मांडलेला होता. तो त्यांनी आमच्याकडे मागितला नव्हता. आमच्या शून्य खर्चाच्या यादीचे पैसे ताईंनी स्वतःच्या पदरचे भरले होते.

त्या पानाने आम्हाला ही सगळी पुस्तके पुन्हा वाचायला लावली. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा ताळेबंद आहे.

आपद्धर्म आणि धर्म

स्वस्त प्रयोगांच्या पुस्तकांची आजची परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पडझडीतून आली आहे. युरोपातील आणि इतरत्रच्या असंख्य शाळांच्या प्रयोगशाळा बेचिराख झाल्या होत्या. त्या देशांतील शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८च्या सुमारास जे. पी. स्टीफन्सन या इंग्रज शिक्षकाकडून एक छोटे पुस्तक तयार करून घेतले. उपकरणे येईपर्यंत घरगुती वस्तूंतून काम कसे चालवावे, हा त्याचा विषय. त्यातूनच पुढे १९५६ साली युनेस्कोचे 'सोर्स बुक फॉर सायन्स टीचिंग' हे जाडजूड पुस्तक आले. त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले आणि १९७३ साली नवी आवृत्ती निघाली. आपल्याकडील कित्येक प्रयोगपुस्तिकांत आजही याच पुस्तकाची चित्रे थोडीफार बदलून फिरताना दिसतात.

या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. काचेची उपकरणे नसली तरी विज्ञान शिकवता येते, हे त्याने जगभरच्या शिक्षकांना पटवून दिले. पण एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ज्यांच्यासाठी मूळ पुस्तक लिहिले गेले, त्यांच्या प्रयोगशाळा पूर्वी होत्या आणि पुन्हा उभ्या राहणार होत्या. मधल्या काळापुरता तो आपद्धर्म होता. ज्या देशांत प्रयोगशाळा कधी उभीच राहिली नव्हती, तिथे पोचल्यावर तोच आपद्धर्म कायमचा धर्म झाला. 'तूर्त याने भागवा' याचे 'तुम्हाला एवढे पुरे' कधी झाले ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

काडी आणि नळी

या परंपरेत आपल्या देशाने घातलेली भर मात्र अस्सल आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला, १९७८ साली तो जिल्हाभर गेला आणि १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे सांभाळला. चार-चार मुलांच्या टोळ्यांनी स्वतः प्रयोग करायचे आणि निष्कर्षही स्वतःच काढायचे, ही त्याची रीत. फुलाचे भाग सुटे करायला विकतच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरायचा, हे त्याचेच एक उदाहरण.

पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन १९७८ साली अरविंद गुप्ता या कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब जोडून आकृत्या करण्याची त्यांची कल्पना आणि त्यावरचे 'मॅचस्टिक मॉडेल्स' हे पुस्तक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले.

ही कल्पना स्वस्त आहे म्हणून चांगली, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. ती कशामुळे चांगली आहे ते पाहू. ट्यूबच्या तुकड्यात काडी घट्ट बसते, पण सांधा मात्र लवचीक राहतो. त्यामुळे तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, पण चार काड्यांचा चौरस हलक्या धक्क्यानेही तिरपा होतो. सहा काड्यांचा चतुष्फलक ताठ उभा राहतो, पण बारा काड्यांचा घन मात्र एका बाजूला कलून बसतो. तो ताठ करायला सहाही बाजूंवर एकेक कर्ण बांधावा लागतो. काडेपेटीची काडी कर्णाला अपुरी पडते, म्हणून खराट्याची काडी दोऱ्याने बांधायची. म्हणजे एकूण १८ काड्या झाल्या. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी हाच आकडा सूत्राने काढतात: सांध्यांच्या संख्येची तिप्पट करून त्यातून सहा वजा करायचे. घनाचे आठ सांधे, म्हणून २४ वजा ६, म्हणजे १८. चतुष्फलकाचे चार सांधे, म्हणून १२ वजा ६, म्हणजे ६. विजेच्या मनोऱ्यात आणि रेल्वेपुलात त्रिकोणच त्रिकोण का दिसतात, हे सहावीतल्या मुलाला हाताने कळते.

आता दुकानातला तयार प्लास्टिकचा घन घ्या. त्याचे सांधे पक्के असतात, म्हणून तो कलत नाही आणि त्यामुळेच काही शिकवतही नाही. इथे स्वस्त वस्तू महागडीची गरीब बहीण म्हणून आलेली नाही. ती त्या कामाला अधिक योग्य आहे म्हणून आली आहे. साहित्य निवडण्याची खरी कसोटी ही आहे, आणि या परंपरेतील उत्तम काम या कसोटीला उतरते.

आमची तक्रार त्यानंतर या धर्तीवर निघालेल्या अनेक पुस्तिकांविषयी आहे. त्यांनी वस्तूंची यादी उचलली, पण निवडीमागचे कारण उचलले नाही.

याद्यांना वय असते

कचरा काळाप्रमाणे बदलतो. डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्मरोलच्या डब्या गेल्या. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यात शीतपेयाच्या नळ्याही होत्या. कागदी नळी मिळते, पण तिची पिपाणी केली तर टोक तोंडात भिजून लोळागोळा होते आणि आवाज बंद पडतो. बऱ्याच नव्या सायकलींना मोटारसारखा व्हॉल्व्ह असतो, त्याला ट्यूब लागत नाही. इंजेक्शनच्या बाटल्या दवाखान्यातून मागून आणणे आज योग्यही नाही, कारण तो जैववैद्यकीय कचरा आहे आणि त्याची विल्हेवाट नियमाने लागायला हवी.

सगळ्यांत बोधप्रद उदाहरण विजेरीच्या बल्बचे आहे. तो आता सहज मिळत नाही, त्याची जागा एलईडीने घेतली आहे. कित्येक शिक्षक पुस्तिकेतल्या आकृतीत बल्बच्या जागी पांढरा एलईडी लावतात. तो पेटत नाही, आणि 'प्रयोग फसला' म्हणून विषय संपतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि एका सेलकडून दीडच व्होल्ट मिळतात, म्हणून दोन सेल एकापुढे एक जोडावे लागतात. शिवाय एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो, त्यामुळे तो उलटा जोडला तरी पेटत नाही. जुन्या बल्बला उलटसुलट काही फरक पडत नसे. म्हणजे बदललेली वस्तू नवा धडा घेऊन आलेली असते. वस्तू का निवडली हे ज्याला कळले आहे, तो शिक्षक त्या अडचणीचाच तास करतो. ज्याच्या हाती नुसती यादी आहे, तो अडतो.

कारण न सांगण्याचा दुसरा परिणाम आम्ही साध्या मोटारीच्या प्रयोगात अनुभवला. सेल, दोन सेफ्टी पिना, चकतीचे चुंबक आणि एनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढ्यावर ही सुंदर मोटार फिरते. आमच्या वर्गात आठ टोळ्यांनी ती केली आणि एकच फिरली. बाकीच्या सातही जणांनी तारेची टोके अगदी मन लावून चहूबाजूंनी खरवडली होती. आमच्या हातातल्या पुस्तिकेत 'एनॅमल खरवडा' एवढेच लिहिलेले होते. वास्तविक निदान एका टोकाची एक बाजू न खरवडता ठेवावी लागते. चहूबाजूंनी खरवडले तर अर्धा फेरा झाल्यावर चुंबकाचा जोर वेटोळ्याला उलट ओढतो आणि ते जागच्या जागी डुलत राहते. एका बाजूला एनॅमल राहिले तर नेमक्या त्या अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते आणि वेटोळे आपल्याच वेगाने पुढे सरकते. मोठ्या मोटारीतला कॉम्युटेटर वेगळ्या युक्तीने हेच संकट टाळतो. हे कारण दोन ओळींत सांगता येते. त्या दोन ओळी गाळल्या की प्रयोग जादू होऊन बसतो: एकाची साधते, सातांची साधत नाही. आपल्यालाच विज्ञान जमत नाही, असे त्या सात टोळ्या घरी सांगतात.

शून्य म्हणजे किती?

आता खर्चाचे पाहू. वर्गाच्या प्रश्नाला पुस्तिकांतले 'खर्च शून्य' लागू पडत नाही. पुस्तिकेतला प्रयोग एक माणूस एकदा करतो. वर्गात आठ टोळ्या असतात, वस्तू तुटतात, हरवतात, सेल संपतात. घरात एक रिकामी डबी सापडणे आणि एका मंगळवारी संध्याकाळी साडेपाच वाजता सारख्या मापाच्या आठ डब्या हाताशी असणे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो फरक कोणीतरी चालून, मागून, धुऊन, वाळवून भरून काढते. ते कोणीतरी बहुधा वर्गावरच्या ताईच असतात. त्यांच्या वेळाची किंमत कोणत्याच पुस्तिकेत लिहिलेली नसते.

म्हणून आम्ही यादी नव्याने केली आणि या वेळी तिच्यापुढे बाजारातील दर लिहिले. आमच्या वहीतला एका सत्राचा हिशोब असा आहे: सेल १६, रुपये २४०. चकतीची चुंबके ८, रुपये १६०. एनॅमलची तार, रुपये १५०. एलईडी २४, रुपये ४८. सेफ्टी पिना दोन डझन, रुपये ३०. काडेपेट्या १०, रुपये २० (डिसेंबर २०२१ पासून पेटीचा भाव एकाचे दोन रुपये झाला, तो धरून). व्हॉल्व्हट्यूब, रुपये ६०. पॉलिश पेपर, चिकटपट्टी, डिंक, रुपये ९२. एकूण ८०० रुपये, म्हणजे दर मुलामागे २५ रुपये. गावोगावी दर थोडे वेगळे असतील, पण आकड्याचा अंदाज यावा.

सत्राला २५ रुपये ही रक्कम फार लहान आहे. पण ती शून्य नाही, आणि सगळा मुद्दा इथेच आहे. पंचवीस रुपये कोणीतरी मंजूर करावे लागतात, वेळेवर द्यावे लागतात, पुढच्या सत्रात पुन्हा द्यावे लागतात. शून्य मात्र कोणालाच द्यावे लागत नाही. 'बिनखर्ची' हा शब्द शिक्षकाला धीर देण्यासाठी निघाला, आणि संस्थाचालकांना व अधिकाऱ्यांना तो सोयीचा ठरला. साहित्याचा अर्ज केला की 'अहो, टाकाऊतून टिकाऊ करा ना!' असे हसत सांगता येते. वर्गात प्रयोग झाले नाहीत तर दोष ताईंच्या कल्पकतेच्या अभावाला देता येतो.

होशंगाबादच्या कार्यक्रमाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, पण अर्धेच. तिथे बाभळीचा काटा होता, हे सगळ्यांना आठवते. तिथे शाळांना साहित्याची पेटी पुरवली जात असे, शिक्षकांची प्रशिक्षणे होत, दर महिन्याला शिक्षक एकत्र बसून अडचणी मांडत आणि परीक्षेतही पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची व प्रयोग करण्याची सोय होती, हे मात्र विसरले जाते. तो कार्यक्रम स्वस्त होता, फुकट नव्हता. सरकारी शाळांतला असल्यामुळे तो सरकारी आधारावर उभा होता, आणि २००२ साली मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. बाभळीचे काटे त्या वर्षी काही कमी झाले नव्हते.

याच्या उलट टोकही पाहायला हवे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला एकूण २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद होती. त्या योजनेचे मूल्यमापन हा वेगळा विषय आहे. आम्हाला खटकते ती मधली पोकळी. एका टोकाला वीस लाख, दुसऱ्या टोकाला शून्य. वस्तीतल्या वर्गाला लागतात ते आठशे रुपये मागायला मात्र खिडकीच सापडत नाही.

बाजारात मिळणारे तयार प्रयोगसंच हा मधला मार्ग आहे, असे कोणी म्हणेल. आम्ही दोन संच आणून पाहिले. वस्तू चांगल्या होत्या, पण प्रत्येक संच एका मुलासाठी बांधलेला. एक तुकडा हरवला की उरलेला संच कपाटात जातो, कारण सुटा तुकडा विकत मिळत नाही. ज्या वस्तूची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या दुकानातून होत नाही, ती वर्गासाठी स्वस्त म्हणता येणार नाही, मग तिची किंमत काहीही असो.

पुस्तक हातात घेताना

या अनुभवानंतर प्रयोगाचे कोणतेही पुस्तक किंवा संच पाहताना आम्ही स्वतःला चार प्रश्न विचारतो. वाचक शिक्षकांनीही ते विचारून पाहावेत.

पहिला: ही वस्तू का निवडली, हे सांगितले आहे का? सांगितले असेल तर वस्तू बाजारातून गेली तरी पर्याय शोधता येतो. व्हॉल्व्हट्यूब मिळाली नाही तेव्हा ताईंनी मत्स्यालयाच्या दुकानातली हवेची बारीक नळी आणली. ती काडीला सैल होते, म्हणून मुलांनी काडीच्या टोकाला चिकटपट्टीचा एक वेढा दिला. घट्ट पकड आणि लवचीक सांधा, हे दोन गुण हवेत, एवढे माहीत असल्यामुळे हे सुचले.

दुसरा: आठ टोळ्यांना पुरेल का? एकाने करून बाकीच्या एकतीस जणांनी पाहायचा तो प्रयोग नव्हे, तो खेळ दाखवणे झाले.

तिसरा: काही मोजता येते का? पुष्कळशा पुस्तिकांत खेळणी भरपूर असतात आणि मोजमाप मात्र नसते. वास्तविक मोजमापालाही पैसे लागत नाहीत. दोऱ्याला दगड बांधून लंबक करा. टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर लांबी ठेवली आणि झोका लहान ठेवला, तर दहा हेलकाव्यांना सुमारे २० सेकंद लागतात. लांबी पाव मीटर केली की सुमारे १० सेकंद. लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट होतो, हे आठही टोळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले की मुलेच सांगतात. ज्या टोळीचे उत्तर वेगळे येते ती आपली लांबी पुन्हा मोजते. इथे खर्च खरोखरच जवळजवळ शून्य आहे, आणि विज्ञान पूर्ण आहे.

चौथा: बिघडले तर काय, हे लिहिले आहे का? प्रयोग फसण्याच्या ठरलेल्या जागा असतात. लेखकाने आठ मुलांबरोबर प्रयोग करून पाहिला असेल तर त्या जागा त्याला माहीतच असणार. त्या लिहिलेल्या नसतील तर प्रयोग बहुधा टेबलावर बसून सुचलेला आहे. सुरक्षिततेचेही तसेच. काड्यांचा गूल आधी मोठ्यांनी काढायला हवा. फार जोरदार अशी लहान गोल चुंबके लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण एकाहून अधिक गिळली गेली तर ती आतड्यात एकमेकांना ओढतात आणि जिवावर बेतते. स्वस्त मिळतात म्हणून ती यादीत घालणाऱ्या पुस्तिकेने ही ओळ गाळता कामा नये.

स्वस्त साहित्याच्या विरुद्ध आमचे काहीच म्हणणे नाही. काडी आणि नळी आम्ही उद्याही वापरणार आहोत. म्हणणे एवढेच, की स्वस्त हा शब्द हिशोब मांडून वापरावा. शिक्षकांनी आपला खर्च लिहून ठेवावा, रिक्षाभाड्यासकट, आणि तो संस्थेपुढे ठेवावा. व्याख्याने देणाऱ्या आम्हा मंडळींनी यादीवर 'खर्च: शून्य' लिहिण्याआधी एकदा बाजारात जाऊन यावे.

ताईंचे ३४० रुपये आम्ही परत केले. त्यांनी आधी नकार दिला, मग घेतले. पुढच्या सत्राच्या ८०० रुपयांचा अर्ज वर्ग चालवणाऱ्या संस्थेकडे गेला आहे. त्यावर सही ताईंची आहे, आणि खाली आम्हा चौघांचीही.